पाठमोरी

‘हाजखानूम, हात द्या इकडे,’ असं कुणीतरी म्हणालं तेव्हा फरंगीसने आधी मान वळवून पाहिलं, की ही हाजखानूम कोण. मागे कुणी नव्हतं. रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या पाटाच्या काठावर ती स्वतःच बसली होती. एक पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात, दुसरा अंगाखाली कसातरीच दुमडलेला, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली भट्टीतली गरम रोटी. रोटी तिने सोडली नव्हती. समोर वाकून उभा राहिलेला माणूस पन्नाशी उलटलेला होता, कानांजवळ पांढरा, म्हणजे तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान, आणि तो तिला हाजखानूम म्हणत होता. हजला ती कधी गेली नव्हती आणि जाण्याचा विचारही नव्हता. पण तेहरानच्या रस्त्यावर लोक एखाद्या बाईला ताई म्हणायचं सोडून हाजखानूम म्हणू लागले, की त्याचा अर्थ तिने आपला आपण समजून घ्यायचा असतो. त्या पाटावरून ती रोज जात होती. उडीसुद्धा नव्हे, एक लांबसं पाऊल. पस्तीस वर्षं त्या पावलाचा अंदाज तिच्या पायाने तिला न विचारता घेतला होता आणि त्या सकाळी तो चार बोटं चुकला. गुडघ्यात काहीतरी वाजलं. सुकी काटकी मोडावी तसं नाही, ओल्या दोरीला पीळ बसावा तसं. दुखायला नंतर लागलं. आधी मनात आलं ते एवढंच, की हा आवाज नेमका कशाचा? एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यावर माणसाला ही खोड लागते.

गुडघ्यातली कूर्चेची चकती फाटली होती. डॉक्टरांनी दोन बारीक भोकं पाडून ती शिवली. मग कुबड्या, मग काठी, मग एका आरशांच्या खोलीत आठवड्यातून तीनदा पाय वर, पाय खाली. व्यायाम करून घेणाऱ्या बाई दर वेळी विचारायच्या, ‘दुखणं दहापैकी किती?’ जन्मभर दुसऱ्यांना गुण देत आलेल्या फरंगीसला हा प्रश्न आधी अपमानाचा वाटला, आणि पुढे त्याची गोडी लागली. चार आणि पाचमध्ये फरक काय? चार म्हणजे कुणीतरी दारावर टकटक करतंय, पाच म्हणजे ते आत आलंय, असं तिने ठरवून टाकलं. बाईंनी फितीने मांड्या मोजल्या तेव्हा डावी उजवीपेक्षा दोन बोटं बारीक भरली. हे कधी झालं? ती झोपलेली असताना? गुडघा नावाची वस्तू आपल्यापाशी आहे, हे सत्तावन्न वर्षं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आता घरात दुसरं कुणीतरी राहायला आल्यासारखं झालं होतं, जे सकाळी तिच्याआधी उठायचं, आणि जिना आला की आपलं मत सांगायचं. लग्न तिने केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायचंही लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. आई गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या कुणाची मर्जी सांभाळायची तिला सवय राहिली नव्हती, त्यामुळे या नव्या बिऱ्हाडकरूशी ती थोडी चिडून आणि बरीचशी कुतूहलाने वागत होती.

पाच महिन्यांनी, वसंतातल्या एका गुरुवारी, बीजनचा फोन आला. बीजनचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याला वाटायचं, की सगळ्या माणसांना मुळात दिसत नसतं. ‘उद्या शुक्रवार. सोपी वाट धरू. दरक्यापासून अक्रोडाखालच्या चहावाल्यापर्यंत, बस. माझी आजीसुद्धा चालत जाईल.’

‘तुझी आजी वारली, बीजन.’

‘तरी जाईल. इतकी सोपी.’

बावीस वर्षं ही चौघं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, डोंगरावर जात आली होती: बीजन, त्याची बायको होमा, फरंगीस, आणि तूरान. तूरान त्याच शाळेत रसायन शिकवायची. एकोणीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत दोघींची टेबलं एकमेकींना चिकटून होती. बावीस वर्षं फरंगीस सगळ्यांच्या पुढे चालली. कुणी तसं ठरवलं नव्हतं; पहिल्याच शुक्रवारी ती पुढे झाली आणि मग तेच राहिलं. बीजन तिला इंजिन म्हणायचा. तीन तासांची वाट ती दोन तासांत चढायची आणि वरच्या दगडी निवाऱ्याच्या भिंतीला टेकून बाकीच्यांची वाट बघायची. ते आले की प्रत्येकाच्या हातात गरम चहा द्यायची. यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. उलट, चहा तयार ठेवणं म्हणजे माया, अशीच तिची समजूत होती.

सकाळी सातला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दरक्याच्या चौकात बीजनने तिच्या हातातल्या दोन काठ्या पाहिल्या आणि सलाम ठोकला. ‘आज इंजिन डब्यांच्या मागे. प्रवाशांनी सांभाळून बसावं.’

‘गप रे,’ होमा म्हणाली. ‘तुझं पोट आधी पुढे ने.’

बीजन आणि होमा पुढे झाले. तूरान नेहमीप्रमाणे मागे राहिली, आणि फरंगीस तिच्यापाशी. ओढ्याच्या कडेने वाट वर जात होती. दोन्ही बाजूंनी चहाची दुकानं अजून जागी होत होती, कुणी गालिचे झटकत होतं, कुणी लाकडी बाजेवर पाणी मारत होतं. आंबट आलुबुखाराच्या वाळवलेल्या पातळ पोळ्या दोरीवर कपड्यांसारख्या टांगल्या होत्या. फरंगीसला पहिल्यांदा जाणवली ती पाठ. बीजनची पाठ. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, आणि पावलं बदकासारखी बाहेर टाकायची ढब. हा असा चालतो? आणि होमा दर दहा-बारा पावलांवर नवऱ्याच्या पिशवीचा पट्टा, त्याच्या नकळत, नीट करत होती. ही माणसं तिला बावीस वर्षं ओळखीची होती ती आवाजांनी, मागून येणाऱ्या आवाजांनी. धापा, हसणं, कुणीतरी कुणाला तरी पाणी मागणं. त्या आवाजांना पाठी आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. जुन्या घराच्या मागच्या बाजूने पहिल्यांदाच फेरी मारावी आणि तिथे खिडक्या दिसाव्यात, तसं काहीसं तिला वाटलं. तिने गुडघ्याकडे कान दिला. दोन. दोन म्हणजे कुणीतरी जिन्यात उभं आहे.

आणि तूरान. तूरानचं चालणं हा तर निराळाच प्रकार होता. जाडजूड बाई, हात पाठीमागे बांधून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी चालायची, आणि दर थोड्या वेळाने थांबायची. फरंगीसला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की ती दम लागून थांबते. दमबीम काही नव्हता. ती एका तुतीच्या बुंध्यावर हात ठेवायला थांबली. पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून, पाणी या आठवड्यात कुठल्या दगडापर्यंत आलंय ते बघायला थांबली. एका दुकानातल्या म्हाताऱ्याने आतूनच ओरडून विचारलं, ‘तूरानखानूम, सुनेचं काय झालं, विचारत नाही?’ म्हणजे त्याच्या सुनेचं; तिला कसल्यातरी औषधाने अंगावर पुरळ आलं होतं आणि तूरानने ते औषध बंद करायला सांगितलं होतं. ‘तुम्ही सांगा काय झालं, सून तुमची,’ तूरान म्हणाली. म्हातारा हसला. ‘गेलं! साफ गेलं! या, चहा घ्या.’ वरून खेचरं घेऊन उतरणाऱ्या माणसाने तिला पाहून छातीवर हात ठेवला. फरंगीसला कुणी काही म्हणालं नाही. हजार वेळा तरी ती या वाटेने गेली असेल.

‘मला इथे कुणीच ओळखत नाही,’ ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

‘कसं ओळखणार? वाऱ्यासारखी जातेस. वाऱ्याला कोण चहा विचारतं?’

पहिली खडी चढण संपते तिथे ओढ्याकाठी एक सपाट खडक होता. गुडघ्यात आता तीन होतं, साडेतीन म्हणा. दोघी बसल्या. बीजन आणि होमा वळणापलीकडे गेले होते. समोरच्या उतारावर रानटी गवताचा ओला वास होता आणि खाली, धुराच्या पडद्यामागे, अख्खं शहर पडलेलं. फरंगीसने पाय लांब केला. पोटरीवर हात फिरवता फिरवता, एखादा साधा प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं, ‘तू मागे राहून काय करायचीस गं इतका वेळ? बर्फाच्या त्या दिवशी तर दोन तास लावलेस.’

तो बर्फाचा दिवस चौघांच्या आवडीच्या गोष्टींपैकी होता. नऊ वर्षं झाली असतील. निवाऱ्याच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर तूरान मागे राहिली होती आणि पार दोन तासांनी पोचली, पापण्यांवर बर्फ, नाक लाल. तोवर आशचं, त्या दाट गरम सूपचं, पातेलं रिकामं झालं होतं. फरंगीस ही गोष्ट दर हिवाळ्यात सांगायची. तूरान पातेल्यात डोकावून काय म्हणाली, त्याची नक्कल करायची. तूरानही हसायची, सगळ्यांच्या आधी. आत्ता मात्र ती हसली नाही. तिने एक खडा उचलला, त्याचा वास घेतला आणि ओढ्यात टाकला.

‘मला तुला काहीतरी विचारायचं होतं त्या दिवशी,’ ती म्हणाली. ‘घरून ठरवून निघाले होते, की चढताना फरंगीसला गाठायचं आणि विचारायचं.’

‘काय?’

‘लग्न करू का म्हणून.’

फरंगीसला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पाण्याचा आवाज होता. ‘कुणाचं लग्न?’

‘माझं, बाई! तुझं काय विचारणार?’ तूरान आता हसली. ‘कमसर गावचा होता. गुलाबपाण्याचे त्यांचे रांजण आहेत, आजोबांपासूनचे. बीजनच्या दुकानात चष्मा करायला आलेला. मीही बसले होते तिथे. चष्मा तयार होईपर्यंत तो सांगत होता, की तांब्याच्या भांड्यात अर्क चांगला उतरतो पण का ते माहीत नाही. मी सांगितलं का ते. पाऊण तास. आणि तो ऐकत होता, फरंगीस. असा. पुढे सरकून. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत कुणी तसं ऐकलं नाही.’

‘नाव काय?’

‘नेमतुल्ला. हसू नकोस.’

‘मी हसत नाहीये.’

‘बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा फिरूझ जाऊनही सहा झाली होती. चार-पाच महिने फोनवर बोलत होतो. मग म्हणाला, इकडे ये. शनिवारी सांग. शुक्रवारी आपण डोंगरावर होतो.’

फरंगीस तिच्याकडे बघत राहिली. तूरानच्या वरच्या ओठावर घाम होता आणि हनुवटीखाली एक तीळ होता. टेबलं चिकटून होती. मग या बाईचे चार-पाच महिने कुठे होते? मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात जाऊन फोन घ्यायची हे आता आठवलं. फरंगीसला वाटायचं, बहीण असेल, रश्तची. आपण विचारलं नव्हतं. न विचारणं हा आपला सभ्यपणा, असं ती समजायची.

‘मग विचारलं का नाहीस?’

‘हाका मारल्या. तीनदा. धापा टाकत तुझ्यामागे आले होते, वीस-पंचवीस पावलंच उरली होती. आणि तू हात वर केलास.’ तूरानने आपला हात डोक्यावर नेला, पंजा उघडा, आणि समोर ओढ्याकडे बघत जरासा हलवला. ‘असा. मागे न बघता.’

तो हात फरंगीसला ओळखता आला. आपलाच आवाज यंत्रातून ऐकावा तसा तो परका आणि खरा होता. तो हात म्हणजे: ऐकलं, सगळं ठीक आहे, या तुम्ही. लहानपणी वडील असेच पुढे चालायचे, अलबोर्झच्या याच उतारांवर, आणि त्यांच्या वर गेलेल्या पंजाकडे बघत ती चालायची. त्या पंजाने तिला कधी एकटं वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेल? वडिलांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची मानच तिला जास्त आठवत होती, मानेवरची ती आडवी सुरकुती, हे तिला या क्षणी पहिल्यांदा कळलं. चेहरा आठवायला तिला फोटोतून जावं लागत होतं.

‘मग मी बसले एका दगडामागे,’ तूरान सांगत होती. ‘तुझ्याशी बोलले. मनातल्या मनात. दोघींचं मीच बोलले. म्हटलं, फरंगीस, असा असा माणूस आहे. तू म्हणालीस, “तूरान, डोकं ठिकाणावर आहे ना? या वयात? कमसरात जाऊन पाकळ्या निवडत बसणार?” मी म्हटलं, तो चांगला ऐकतो गं. तू म्हणालीस, “रांजणही चांगले ऐकतात.” इतकं छान बोललीस तू! मला एकही उत्तर सुचेना. तुझ्यापुढे कधी सुचतं मला? दोन तास लागले. मग उठले आणि वर आले, आणि शनिवारी त्याला नाही म्हणून सांगितलं.’

‘म्हणजे मी नाही म्हणाले,’ फरंगीस हळूच म्हणाली.

‘ठामपणे. तू नेहमी ठामच असतेस.’ तूरान उठली, कपडे झटकले. ‘चल. बीजन सगळं ऑम्लेट खाऊन बसेल. चेहरा असा करू नकोस, मी काही रडत बसलेली नाहीये नऊ वर्षं. नौरोजला फोन करतो तो. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, तब्येत, गुलाब कसे आले. कधी कधी मलाच वाटतं, बघितलं असतं जाऊन तर काय झालं असतं? वाईट वाटून नाही. नुसतं... प्रयोग करायचा राहिला की वाटतं ना, तसं.’

पुढची वाट फरंगीसने कशी चढली ते तिला कळलं नाही. गुडघ्याने काही सांगितलं असेल तर तिने ते ऐकलं नाही. ती त्या दगडामागच्या फरंगीसकडे बघत होती. ही कोण बाई, जी बर्फात तूरानशेजारी बसून इतक्या तडफेने बोलत होती, तिच्या आवाजात, तिच्या तिरकस विनोदांसकट? ‘रांजणही चांगले ऐकतात’ हे अगदी तिचं वाक्य होतं. ती ते म्हणाली असती. आणि त्याच वेळी ती वर निवाऱ्याच्या उबेत उकळत्या पातेल्यावर हात शेकत होती, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दूर कुठेतरी, एका माणसाच्या डोक्यात आपण बोलत असतो, निर्णय देत असतो, एखाद्याचं आयुष्य इकडचं तिकडे करत असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. अशा किती फरंगीसा असतील? शाळेतून बाहेर पडलेल्या हजारभर मुलींच्या डोक्यांत? तिला भीती वाटायला हवी होती. भीती होतीही, पण तिच्याखाली दुसरं काहीतरी जागं झालं होतं, वर्गात एखादीने अवघड प्रश्न विचारल्यावर व्हायचं तसं. खरी फरंगीस काय म्हणाली असती?

अक्रोडाखाली लाकडी बाजेवर बीजन मांडी घालून बसला होता. टोमॅटोचं ऑम्लेट काळ्या तव्यातच समोर आलं, सगळ्यांनी रोटीचे तुकडे त्यातच बुडवले. बीजनने साखरेचा खडा दातांत धरून चहा ओढला आणि फरंगीसला विचारलं, ‘मागे कसं वाटलं? दिसलं का काही? मी नेहमी म्हणतो, तुझी दूरची नजर चांगली, जवळची कच्ची.’ तूरान आणि होमा चहावाल्याच्या बायकोशी पुदिन्याच्या वाफ्यांपाशी बोलत उभ्या होत्या. फरंगीसने आवाज खाली आणला.

‘कमसरचा तो माणूस. तुला माहीत होतं?’

‘नेमतुल्ला? हो. दूरचा उणे तीन, जवळचा अधिक दोन. छान माणूस. सगळ्यांनाच माहीत होतं.’

‘मला नव्हतं.’

बीजनने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान आणि अतिशय सौम्य दिसत. ‘तू पुढे होतीस,’ तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. चौकातला पत्ता सांगावा तसं तो म्हणाला, आणि तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

उतरायला लागल्यावर खरं दुखणं सुरू झालं. चढताना शरीर वर उचलावं लागतं, उतरताना ते दर पावलाला अडवावं लागतं. आणि अडवण्याचं सगळं काम गुडघ्याच्या वाटीवर येतं, देहाच्या तिप्पट-चौपट वजन. हे ती मुलींना फळ्यावर बाण काढून शिकवायची. बाणांना दुखत नव्हतं. खडकात कोरलेल्या पहिल्या पायऱ्यांवर पाच, पुढच्या वळणावर सहा. काठ्या दगडांवर घसरत होत्या. बीजन परत आला, म्हणाला, ‘खेचर बोलावू? खाली लोक म्हणतील राणीसरकार आल्या.’ ती नाही म्हणाली. मग त्याने पाठीवर घेऊ का विचारलं तेव्हा होमाने त्याला ओढत पुढे नेलं. ‘आधी स्वतःचं पोट उतरव खाली!’

फरंगीस एका उंच पायरीवर उभी राहिली. खाली अशा साठ-सत्तर पायऱ्या तरी होत्या. बाजूला वळून उतरून पाहिलं, पाच. मग तिच्या मनात आलं, की वाकण्याची दिशाच बदलली तर? पाठ उताराकडे केली, तर आधी चवडा टेकेल, भार पोटरी घेईल, मांडी घेईल, आणि वाटीला दाबायला कुणी उरणार नाही. तिने बाण मनात काढून पाहिले. बरोबर वाटत होतं. ती वळली. डोंगराकडे तोंड, शहराकडे पाठ, आणि दुखरा पाय मागे, खाली, न दिसणाऱ्या जागेत सोडला. चवडा टेकला. भार गेला. गुडघा गप्प होता.

‘तूरान!’ ती आनंदाने ओरडली. ‘दोन! फक्त दोन!’

‘काय दोन? काय करतेयस तू? पडशील!’

‘पडणार नाही. पण मला मागचं दिसत नाही. तू सांग.’

तूरान एक पायरी वर, तिच्या समोर उभी राहिली आणि तिने तिची दोन्ही मनगटं धरली. काठ्या तिने स्वतःच्या काखेत मारल्या होत्या. ‘उजवा आण. खाली सपाट आहे. आता डावा. अजून. अजून थोडा. हां.’ अशा त्या उतरू लागल्या, एकीचं तोंड वर, एकीचं खाली, नाच शिकणाऱ्या दोन जाड्या मुलींसारख्या. वर चढणारी टोळी थांबून बघत होती. ‘खानूम, वर निघालात की खाली?’ कुणीतरी विचारलं. ‘आधी ठरवू द्या!’ तूरान म्हणाली. ‘दमू नका!’ ते म्हणाले, डोंगरावर सगळेच एकमेकांना म्हणतात तसं, आणि पहिल्यांदाच फरंगीसला ते शब्द आपल्याला उद्देशून आहेत असं वाटलं. पायऱ्या तिच्या डोळ्यांसमोरून वर निघून जात होत्या. अक्रोडाचं झाड लहान होत गेलं. त्या सगळ्याच्या पुढे, हातभर अंतरावर, तूरानचा चेहरा होता, वाकलेला, कपाळावर आठ्या, नजर फरंगीसच्या टाचांमागच्या दगडांवर. डोंगरावर हा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. पाहिला होता तो पोचलेला चेहरा, चहा घेताना, चढण संपल्यावरचा. वाटेत असलेला नाही.

मध्यावर, दोन वळणांमधल्या रुंद जागेत, तूरान थांबली. मनगटं सोडली नाहीत.

‘एक विचारू? तू खरंच काय म्हणाली असतीस? त्या दिवशी मी गाठलं असतं तर?’

फरंगीसला वाटलं होतं, की हा प्रश्न खाली, चौकात, गाड्यांच्या आवाजात केव्हातरी येईल आणि आपल्याला काचेतून बाहेर बघत उत्तर देता येईल. इथे तोंड वळवायला जागा नव्हती. ती विचार करायला लागली, खरोखरच, उत्तर माहीत नसलेल्या माणसासारखी. ‘जा’ म्हणाले असते, असं आता म्हणणं सोपं होतं, उदार होतं, आणि तूरानला ते ऐकून नऊ वर्षं एकदम पोकळ वाटली असती. ‘नको’ म्हणाले असते, रांजणांचा विनोद केला असता, हेही खरं वाटत होतं. पण तो विनोद कशाला झाकायला? ती त्या दिवसात गेली. बर्फ. मागून येणारी हाक. समजा, ती वळली. समजा, तूरान धापा टाकत वर आली आणि म्हणाली, कमसर. काय दिसलं असतं? आणि तिला ते दिसलंच. नऊ वर्षं उशिरा, स्पष्टपणे. पुढच्या शुक्रवारी वाटेवर आपण पुढे चालतोय आणि मागून तो आवाज येत नाही. शिक्षकांच्या खोलीत शेजारचं टेबल रिकामं.

‘जाऊ नकोस म्हणाले असते,’ ती म्हणाली.

तूरानने मान हलवली. ‘वाटलंच मला. रांजण—’

‘रांजणांसाठी नाही. त्याच्यासाठीही नाही. माझ्यासाठी. आणि तसं सांगितलं नसतं; काहीतरी शहाणपणाचं सांगितलं असतं, वयाचं वगैरे.’ तिने भार चांगल्या पायावर घेतला. ‘मागे तू नसतीस तर मी कुणाच्या पुढे चालले असते?’

तूरानच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते फरंगीसला इतक्या जवळून दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. ओठ एकदा हलले, डोळे बारीक झाले, हसू येणार की दुसरं काही. खालून ओढ्याचा आवाज येत होता.

‘बावीस वर्षं,’ तूरान अखेर म्हणाली, ‘मला वाटत होतं मी तुझ्या गळ्यातलं लोढणं आहे. दर गुरुवारी ठरवायचे, उद्या नाही जायचं. बिचारीला थांबावं लागतं माझ्यासाठी.’

‘मग का यायचीस?’

‘तू चहा घेऊन उभी असायचीस ना.’

एक खेचर वर निघालं होतं, पाठीवर पाण्याच्या बाटल्या लादून. त्याला वाट द्यायला दोघी खडकाला चिकटून उभ्या राहिल्या. खेचराचा गरम, घामट वास त्यांच्यातून गेला. ते गेल्यावर तूरानने तिची मनगटं पुन्हा नीट धरली, यावेळी जरा जास्त घट्ट, आणि तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं.

‘पुढची पायरी उंच आहे,’ ती म्हणाली. ‘आणि दगड हलतो. मला माहीत आहे तो. डाव्या कडेने टाक. घाई करू नकोस.’

फरंगीसने पाय मागे सोडला. खाली काही लागेना. तिने तूरानच्या तोंडाकडे पाहिलं, पाय आणखी खाली नेला, आणि दगड सापडेपर्यंत तशीच थांबली.